दिवसभर वावरात राबल्यावर पोरांसोबत अंगणात काय खेळायचं

कापूस वेचून आलेल्या बाईला कुणी व्यायाम सांगू लागलं तर ती हसेल, आणि तिचं बरोबरच आहे. पण वेचणी, निंदण, डवरणी ही कामं शरीराला एकाच बाजूने झिजवतात. कंबर तासन्‌तास वाकलेली, कमरेला ओटीचं वजन, मान खाली. उलटं वळणं, हात वर नेणं, अंग मोकळं सोडणं त्यात येत नाही. घरी राहिलेल्या लेकराची अडचण वेगळी. शाळेत जायला ऑटो, घरापुढच्या सिमेंट रोडवर सुसाट गाड्या, आणि संध्याकाळी आजीच्या मोबाइलसमोर बसलेलं पोट्टं. म्हणून इथे दिलेले खेळ एकाच हिशोबाने निवडले आहेत: मोठ्यांनी जागेवर किंवा रेषेवर राहायचं, पळायचं पोरांनी, आणि खेळ दोघांचा एकच.

किती हालचाल पुरेशी, याचा जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेला अंदाज आहे. न रांगणाऱ्या बाळाला जागं असताना दिवसातून मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात सगळी मिळून ३ तास हालचाल करावी. तीन-चार वर्षांच्यांसाठी त्यातला किमान १ तास धाप लागेल असा असावा. पाच वर्षांपुढे रोज सरासरी १ तास दमदार खेळ, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही, म्हणजे उड्या, चढणं, ओढणं. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं. वावरात जाणाऱ्यांचं हे १५० कधीच पूर्ण झालेलं असतं. तुमची उणीव मिनिटांची नसते, म्हणून अंगणात स्वतःला पळवत बसू नका. तीन तासांचा आकडा ऐकून घाबरायचंही कारण नाही. अंगणातलं बागडणं, कोंबड्यांमागे पळणं, पाणी भरायला सोबत जाणं हे सगळं त्यात धरतात. घरच्यांनी मिळून रोज २० मिनिटं खेळलं तरी उरलेलं पोरं स्वतःच भरून काढतात, कारण खेळ एकदा कळला की ती शेजारच्यांना जमवतात.

वेळ ऋतूप्रमाणे बदला

वर्षभर एकच वेळ धरून ठेवली की मे महिन्यात सगळं मोडतं. चंद्रपूर, वर्धा, नागपूर, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा खेळ सकाळी साडेपाच ते साडेसात, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. सूर्य बुडाला तरी सिमेंटचं अंगण तासभर आग ओकत राहतं. हाताची मागची बाजू जमिनीला टेकवा आणि सातपर्यंत मोजा. त्याआधी हात उचलावा लागला तर अजून अनवाणी खेळायची वेळ झालेली नाही. मातीच्या अंगणात पाणी शिंपडता येतं, पण शिंपडल्यावर दहा मिनिटं थांबा. ओल्या मातीवर पहिलं वळण घेतानाच पाय सटकतो.

मृगापासून पेरणीची घाई सुरू होते, तेव्हा घरातल्या मोठ्यांकडून फार अपेक्षा धरू नका. त्या दोन-तीन आठवड्यांत पोरांना वावराच्या वाटेने चालवलं तरी पुरे. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांतही तेच. बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरून, तोल सांभाळत चालणं हा पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी उत्तम व्यायाम आहे, फक्त मोठं माणूस पुढे हवं, कारण धुऱ्याला बिळं असतात.

दिवाळीनंतर अडचण उजेडाची. वेचणीहून येईपर्यंत अंधारतं. त्या दिवसांत अंगणात दिव्याखाली १५ मिनिटं, आणि बाकीचा खेळ आठवडी बाजाराच्या दिवशी, जिथे त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते तिथे. हिवाळ्यातली सकाळ मात्र सोन्यासारखी. सात वाजता कोवळं ऊन, अंगात गारवा, पोरं आपोआप पळतात.

आणखी एक गोष्ट वेळ ठरवतानाच ठरवावी. बाई चुलीपाशी आणि बाकीचे अंगणात, असं होणार असेल तर ती वेळ चुकीची. वावरातून आल्या आल्या चहा होतो, तो झाल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधीची २० मिनिटं सगळ्यात टिकतात. कणीक कुणी मळायची ते नंतर ठरवा.

अंगण आणि सामान

वीस फूट लांब, बारा-चौदा फूट रुंद जागा पुरते. आधी झाडून घ्या आणि नंतर वाकून हाताने चाचपा: खिळे, काचा, बाभळीचे काटे, पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडाचे) तुटके बुडखे. झाडूला हे बुडखे लागत नाहीत आणि तळपायाला लागतात. बैल बांधायचा खुंटा अंगणात असेल तर त्यावर उलटं टोपलं ठेवा. रेषा राखेने किंवा काडीने ओढा. चुना वापरू नका. पायांनी उडतो, डोळ्यात जातो आणि आग होते.

चेंडू घरीच करा. जुना मोजा घ्या, त्यात सुती चिंध्या दाबून भरा, तोंड पिळून मोजा उलट बाजूने परत त्यावर चढवा आणि सुतळीने न बांधता शिवून टाका. मोसंबीएवढा झाला की थांबा. सुतळीची गाठ तोंडावर लागली की दुखते, म्हणून शिवण. आत वाळू भरायचा मोह टाळा. असा चेंडू लांब जातो खरा, पण तीन वर्षांच्या पोराच्या नाकावर बसला की त्या दिवशीचा खेळ संपला.

दोरीवरच्या उड्यांसाठी दोर किती लांब हवा? मुलाला दोराच्या मधोमध उभं करा, दोन्ही टोकं काखेपर्यंत आली पाहिजेत. नायलॉनचा दोर हलका असतो, हवेतच राहतो आणि नवशिक्याला जमत नाही. सुती कासरा जड असतो, गोल नीट फिरतो. पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या तर धान्याचा तागाचा बारदाना घ्या. खताची किंवा औषधाची गोणी नको. सिमेंटवर घसरते आणि कितीही धुतली तरी त्यात काय राहिलं ते सांगता येत नाही. सायकलचा जुना टायर आणि वीतभर काडी असली की झालं.

आट्यापाट्या, घरच्या मापात

दमलेल्या माणसासाठी याहून चांगला खेळ नाही. पूर्ण खेळात नऊ आडव्या पाट्या आणि मधोमध उभी सूरपाटी असते. घरी एकच पाटी घ्या. अंगणाच्या मधोमध १२ फूट लांबीची आडवी रेष ओढा. तिच्या अलीकडे आठ फुटांवर एक आणि पलीकडे आठ फुटांवर एक अशा दोन घरच्या रेषा. बाबा किंवा आई मधल्या रेषेवर. त्यांनी रेषेवरच डावी-उजवीकडे सरकायचं, एक पाय सतत रेषेवर, हात मात्र कितीही लांब करता येतो. पोरांनी अलीकडून पलीकडे जायचं आणि परत यायचं. स्पर्श न होता गेलं-आलं की एक गुण. पाच गुण झाले की पाटीवरचा माणूस बदलायचा.

सगळी खुबी रेषेच्या लांबीत आहे. रेष आखूड असली की मोठ्यांचे हात दोन्ही टोकांना पुरतात, पोरगं अडकतं आणि तिसऱ्या वेळी रडून घरात जातं. फार लांब असली की ते नुसतं चालत पार होतं, धाप लागतच नाही. म्हणून असं करा: सलग तीनदा सापडलं तर रेष दोन फूट वाढवा, सलग तीनदा अलगद गेलं तर दोन फूट कमी करा. चार वर्षांच्या मुलासाठी साधारण १४ फूट आणि सात वर्षांच्यासाठी १० फूट जमतं. घरात दोन वयांची पोरं असतील तर १० फुटांची रेष ओढून तिच्या एका टोकाला चार फूट तुटक रेष जोडा. तुटक भागात पाटीवाल्याने जायचं नाही. तिथून फक्त लहान्याने पार व्हायचं.

पाटीवर उभं राहणाऱ्याने गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून सरकायचं, पाय एकमेकांवर न टाकता. वेचणीने आखडलेल्या कमरेला आणि मांड्यांना हे आडवं सरकणं मोकळं करतं. कमरेतून वाकून हात लांबवू नका, दिवसभर तेच केलेलं असतं. हुलकावणी द्यायला पोरं स्वतःच शिकतात. शिकवायला गेलं तर उलट उशीर लागतो. तीन वर्षांखालचं लेकरू नियम पाळत नाही आणि पाळणारही नाही. त्याला कडेवर न घेता त्याचा हात धरून मोठ्या भावंडाने किंवा मावशीने पार करावं आणि पाटीवाल्याने दर दुसऱ्या वेळी चुकवावं.

सगळ्यात जास्त खेळ मोडतो तो मोठ्यांच्या ईर्ष्येने. काका पाटीवर आले की त्यांना एकही पोर सोडवत नाही. वीस मिनिटांत पोराने किमान दहा-बारा वेळा पार व्हायला हवं, तर त्याचं धावणं झालं. त्याहून कमी होत असेल तर काकांना खाटेवर बसवा आणि गुण मोजायला लावा.

बाकीचे खेळ थोडक्यात

लगोरीत सात चपटे ठिकरे लागतात. फुटक्या कवेलूचे चालतात, पण कडा दगडावर घासून बोथट करा. आजी-आबाजींना लगोरीपाशी बसवायचं. त्यांचं काम पडलेले ठिकरे एकेक करून पोरांच्या हातात देणं आणि मोठ्याने मोजणं. लहान्यांसाठी पाच ठिकरे पुरे. चेंडू कमरेच्या वर मारायचा नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगा.

घरगुती खो-खोला निदान सहा जण हवेत: चौघं चार-चार फुटांवर एका ओळीत, एकाआड एक उलट तोंडाने, एक पकडणारा, एक पळणारा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उकिडवं न बसता पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर बसावं, खो मिळाला की सावकाश उठावं. पकडणाऱ्याने मागे वळायचं नाही हा नियम सहा वर्षांआधी डोक्यात शिरत नाही. तोवर नुसतं ओळीभोवती पळू द्या.

लंगडी वयाकडे बघून. तीन वर्षांचं मूल दोन्ही पायांवर उड्या मारतं, चार वर्षांचं एका पायावर दोन-तीन, सहा वर्षांचं आठ-दहा. दर फेरीला पाय बदला, नाहीतर एकाच पायाची पोटरी दुखते आणि दुसऱ्या दिवशी कुणी लंगडी म्हणत नाही. बिल्लसची, म्हणजे ठिकरी टाकून घराघरांतून उड्या मारायच्या खेळाची, घरं लहान्यांसाठी सव्वा फुटाची ठेवा. मोठ्या बायकांनी बिल्लस खेळताना लुगडं किंवा साडी खोचून घ्यावी आणि उडी मातीवरच मारावी.

नदी-पहाडला काहीच सामान लागत नाही. ओटा, दगड, बंडी हे पहाड, अंगण ही नदी. बंडी खेळात घेतली तर चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि जू जमिनीला टेकलेलं आहे का बघा. मागच्या बाजूला दोन पोरं चढली की बंडी उलाळ होते, म्हणजे मागे उलटते.

कबड्डीला घाई नको. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं, तेव्हा आपल्याकडे या खेळाचा अभिमान असणारच. पण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना ओढाओढीत मनगट आणि कोपर सांभाळता येत नाही. तोवर नुसतं शिवून परत यायचं, धरायचं नाही.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. तोच बैल त्याआधी महिनाभर अंगणात ओढायला द्या. चाकं नीट फिरत असतील तर पाठीवर अर्धा किलोची तुरीच्या डाळीची थैली बांधा. हात, खांदे, पाय सगळ्यांना काम मिळतं. भुलाबाईच्या महिन्यात मुलींसोबत मुलांनाही फेरात घ्या. टाळ्या वाजवत फेर धरताना अर्धा तास कधी गेला ते कळत नाही, आणि आजीलाही त्यात जागा असते.

वावराच्या वाटेवर

तीन वर्षांचं मूल थांबत-थांबत एक किलोमीटर चालतं, त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. पाच-सहा वर्षांचं दोन किलोमीटर आरामात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जाताना पोरगं उत्साहात चालतं म्हणून पुढे पुढे जाणं. परतताना ते कडेवर येतं, आणि दिवसभर राबलेली माय बारा-पंधरा किलो उचलून पांदण तुडवते. दुसऱ्या दिवशी कुणीच निघत नाही. त्याने पहिल्यांदा "थांब" म्हटलं की तिथूनच परतायचं, दोन दिवसांनी ती जागा आपोआप पुढे सरकते.

हातात काही द्यायचं तर वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत. पंधरा किलोच्या पोराला लिटरभर पाण्याची बाटली पुरे. डोक्यावर काही नको. हापशीवरून दोन छोटे डबे दोन हातांत दिले तर कणा एका बाजूला झुकत नाही. आणि चार बोंडं गंमत म्हणून वेचणं वेगळं, पोराच्या नावावर किलो धरणं वेगळं. त्या दुसऱ्या प्रकाराला खेळ म्हणू नये.

फवारणी झालेल्या वावरात पोरांना दोन-तीन दिवस तरी नेऊ नका, आणि डब्यावर त्याहून जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे. फवारणीचे कपडे घातलेल्या बापाने आंघोळ केल्याशिवाय पोराला उचलू नये.

शेततळ्याकडे विशेष लक्ष द्या. त्याला अंथरलेलं प्लास्टिक ओलं झालं की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, पोराचं तर नावच नको. तळ्याला तारेचं कुंपण हवंच. शिवाय काठावर खुंट्याला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवा. कठडा नसलेल्या विहिरीजवळून जाणारी वाट पोरांसोबत वापरू नका, लांबची घ्या.

पावसाळ्यात अंधार पडल्यावर अंगणापलीकडे खेळ नको. दिव्याखाली किडे, किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप. कुटार आणि पऱ्हाटीचे ढीग खेळाच्या जागेपासून दूर ठेवा. साप चावला तर दोर बांधू नका, चिरू नका. पोराला न चालवता, चावलेला भाग न हलवता दवाखान्यात न्या. ताडोबाच्या आसपासच्या आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत पहाटे आणि सांजेला पोरांसोबत शिवारात जाणंच टाळा. तिथे खेळ गावाच्या आत.

पाणी, खाणं, आणि कधी थांबायचं

उन्हाळ्यात दर १५-२० मिनिटांनी अर्धा पेला पाणी, पोरगं मागो न मागो. ताक, पन्हं चालतं. खेळून आल्यावर गूळ-शेंगदाणे किंवा फुटाणे द्या. तीन-चार वर्षांखालच्यांना शेंगदाणे-फुटाणे कुटूनच, अख्खे घशात अडकतात. जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर त्या दिवशी खेळ नाही. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

अंग तापलेलं, पोरगं पेंगतंय, बरळतंय किंवा ओकतंय, तर ते ऊन लागल्याचं लक्षण. सावलीत न्या, कपडे सैल करा, मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

थोडं पळून पोरगं बसतं, हातापायाचे सांधे दुखतात म्हणतं, डोळे पिवळट दिसतात, तर त्याला आळशी म्हणण्याआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे हा आजार बराच आढळतो. पहिली तपासणी रक्ताच्या थेंबावर होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. आजार निघाला म्हणून मुलाला घरात कोंडायचं नाही. त्याने खेळावं, पण शर्यत न लावता, दर दहा मिनिटांनी थांबून, भरपूर पाणी पिऊन. थंड पाण्यात डुंबणं, पावसात भिजणं आणि दुपारचं ऊन टाळावं. ताप आला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखाना. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या, शाळेतल्या गुरुजींनाही सांगा, कारण मैदानावर त्याला फेऱ्या मारायला लावणारे तेच असतात.

झडीच्या दिवसांत अंगण बंद असतं. तेव्हा पडवीत गाद्या पसरा आणि बेडूकउड्या, अस्वलासारखं चौपायी चालणं, आबाजींच्या पसरलेल्या पायांवरून उडी असं काहीही चालू द्या. फक्त चूल आणि दिव्याची वायर त्या टापूत नको. कंचे आणि सागरगोटे तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाताला लागणार नाहीत अशा डब्यात, वर फळीवर.